झरोक्यातली बंडी

अंकारा, ६ नोव्हेंबर १९९४

प्रिय निगार,

आईने फर्मान काढलंय. "फोनवर तुम्हा दोघी बहिणींचा आवाज चढतो, कागदावर चढत नाही. भांडायचं तर लिहून भांडा." म्हणून हे पत्र.

आई सुखरूप पोचली. बसमधून उतरली तेव्हा तिच्या कोटाला तुझ्या कोळशाच्या शेगडीचा असा वास येत होता की मी तो कोट सरळ बाल्कनीत टांगला. बाबा गेल्यापासूनचे सगळे हिवाळे आईने तुमच्या सिवासच्या धुरात काढले. आता एक हिवाळा तरी माणसासारखा काढू दे तिला. आमच्याकडे कोंबी बसवलीय, स्वयंपाकघराच्या भिंतीवर. गॅसचं यंत्र गं, पांढरंशुभ्र, कपाटासारखं. पाणी तापवतं आणि ते घरभर रेडिएटरमधून फिरवतं. धूर नाही, राख नाही, बादलीने कोळसा चढवणं नाही. आई पहिल्या दिवशी रेडिएटरला हात लावून म्हणाली, "विस्तव कुठाय?" मी म्हटलं, "आई, विस्तव आता दिसत नसतो."

एकच खोड आहे. मधूनच लाल दिवा लावून बंद पडते. खालचं बटण दाबलं की पुन्हा सुरू. शेजारची बेल्कीस म्हणते, दाबत राहायचं, हट्टी पोरासारखं शेवटी ऐकतं.

आणि गॅसवाल्यांचा शहाणपणा ऐक. यंत्र बसवलं आणि शेजारीच भिंतीला दोन मुठी जातील एवढं भोक पाडून ठेवलं! यंत्राला हवा लागते म्हणे. घर गरम करायचं आणि भिंतीतून अंकाराचा हिवाळा आत घ्यायचा. इमारतीत सगळ्यांनीच ते झरोके बुजवलेत. बेल्कीसने उशी कोंबलीय, वरच्या बाईंनी नवऱ्याचा पायजमा. तपासणीवाले आले की वॉचमन जिन्यात खोकतो, आम्ही सगळ्या जणी चिंध्या ओढून काढतो, साहेब शेरा मारून गेले की पुन्हा कोंबतो. मी बाबांची ती जुनी करड्या लोकरीची बंडी कोंबलीय. इतकी घट्ट बसली, जणू मापानेच विणली होती.

तुझे डोळे चुंबते.
मुअल्ला


सिवास, १४ नोव्हेंबर

मुअल्लाताई,

तुझं पत्र सासूबाईंनाही वाचून दाखवलं. "विस्तव आता दिसत नसतो" यावर त्या बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "न दिसणाऱ्या विस्तवाशी जपून." त्यांचं तुला माहीतच आहे. आमच्याकडे बाहेर बर्फाचा ढीग असो, शेगडी पेटली की खिडकी बोटभर उघडी राहते, आणि धूर उलटा घरात लोटणारा दक्षिणेचा वारा सुटला की निखारे काढून बाहेर. गावंढळ आहोत आम्ही, काय करणार.

लाल दिव्याबद्दल यंत्राच्या पुस्तिकेत काय लिहिलंय? की ती पुस्तिका अजून प्लास्टिकच्या पिशवीतच आहे? तुझ्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक काढायला पाहुणे यावे लागतात, म्हणून विचारते.

आणि ताई, बाबांची बंडी? आईने त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात विणली ती? घरभर तुला दुसरी चिंधी सापडली नाही? आईने पाहिली का?

दोघींच्या हातांचं चुंबन.
निगार


अंकारा, २२ नोव्हेंबर

प्रिय निगार,

पाहिली. आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

तुला काळजी वाटू नये म्हणून लिहिणार नव्हते, पण आईचं काही खरं नाही. सकाळी उठते ती डोकं धरून. विचारलेलं कळत नाही, हातातला चहा विसरते. परवा मला तुझ्या नावाने हाक मारली, आणि कधी मारत नाही इतक्या प्रेमाने मारली. आणि ती बंडी! मी कोंबते, ती काढते. स्टुलावर चढून, या वयात! काढते, झटकते, घडी करते आणि स्वतःच्या उशीखाली ठेवते. मी विचारलं, "आई, हे काय चाललंय?" तर म्हणाली, "भिंतीत गारठलाय तो." आता बोल. त्या दिवशी मात्र दिवसभर ठणठणीत असते. शब्दकोडं सोडवते, माझ्या हातच्या बोरेकला नावं ठेवते. मी पुन्हा बंडी कोंबली की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, डोळे जड आणि बोलणं भलतीकडे. म्हातारपणात नवऱ्याची आठवण डोक्यात अशी भिनते बघ. मी नवे पडदे घेतले, पिस्त्याच्या रंगाचे.

तिला डॉक्टरकडे नेलं. चालतच गेलो, हवा छान होती. डॉक्टरांनी तिला वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. सगळं बरोबर! उलट कारकुनाने पत्ता विचारला तेव्हा मला आमचा इमारत क्रमांक आठवेना, तो आईने सांगितला. डॉक्टर म्हणाले, दोष काही दिसत नाही. डॉक्टरांसमोर सगळ्या म्हाताऱ्या शहाण्याच होतात. घरी आणली आणि रात्रीपर्यंत गाडी मूळपदावर.

माझंही डोकं सतत ठणकतं. कोणाची तरी दृष्ट आहे. बेल्कीसच्या ओळखीच्या बाईला बोलावून डोक्यावर पाण्याचं भांडं धरून त्यात वितळलेलं शिसं ओतवलं. पाण्यात पडल्यावर शिशाचा आकार चक्क खालच्या मजल्यावरच्या हायरेत्तीनसाहेबांच्या नाकासारखा झाला! हा रेल्वेतून निवृत्त झालेला कंजूष माणूस स्वतःची कोंबी लावतच नाही, माझ्या जमिनीतून झिरपणाऱ्या उबेवर फुकट जगतो. आणि आई उठसूट त्याच्याकडे चहाला जाऊन बसते. त्या बर्फाच्या गोदामात! तिथून आली की गाल लाल आणि तोंड चुरूचुरू.

चांगली बातमी म्हणजे लाल दिव्याचा निकाल लागला. दिवसातून पाच-सहा वेळा बटण दाबून मी कंटाळले होते. वॉचमनच्या मेहुण्याने यंत्र उघडलं, दोन तारा एकमेकींना पिळल्या आणि म्हणाला, "बाई, आता हूं का चूं करणार नाही." खरंच नाही करत. नव्या सुनेसारखी गप्प झालीय.

एक सांगते, रागावू नकोस. इथे एक वृद्धाश्रम आहे, चांगल्या लोकांचा. वसंतात जागा होईल. मी नुसतं नाव घालून ठेवलंय.

हो, सांगायचं राहिलंच. मी नवे पडदे घेतले, पिस्त्याच्या रंगाचे.

तुझे डोळे चुंबते.
मुअल्ला


सिवास, २९ नोव्हेंबर

ताई,

पडदे दोनदा मिळाले, आभारी आहे.

आई डॉक्टरकडे शहाणी, शेजाऱ्याकडे शहाणी, आणि तुझ्याकडेच तेवढी वेडी. मला विचारशील तर हा आजार नाही, ही तू आहेस. सकाळपासून "आई इथे बसू नकोस, आई त्याला हात लावू नकोस" ऐकून कोणाचंही डोकं उठेल. माझं तर लहानपणीच उठायचं.

वृद्धाश्रमाचं पुन्हा लिहू नकोस. जड होत असेल तर आईला सिवासच्या बसमध्ये बसवून दे. आम्ही धुरात ठेवू, पण घरात ठेवू.

निगार


अंकारा, ८ नोव्हेंबर

निगार,

तुझ्या पत्राला उत्तर देणार नव्हते. पण काल जे झालं ते कोणाला तरी सांगायलाच हवं, आणि सुआतला सांगून उपयोग नाही. माझा नवरा ऑफिसातून येतो, जेवतो आणि पेपर उघडून त्यामागे झोपतो. हल्ली तर पेपर न उघडताच झोपतो.

काल माझ्या घरी महिन्याचा बायकांचा दिवस होता. पंधराजणी आल्या. दोन दिवस खपून बोरेक केलं, अक्रोडाचे केक. ओव्हन सकाळपासून पेटलेला, कोंबी पूर्ण जोरात. घरात अंगावरची शाल टाकावी अशी ऊब! तळणाचा वास नव्या पडद्यांना लागू नये म्हणून चुलीवरचा पंखा लावला आणि सगळ्या खिडक्या घट्ट लावून घेतल्या. काचांवरून तर पाण्याचे ओघळ येत होते. झरोक्यात बंडी बसवली आणि आईला सांगितलं, आज खाली हायरेत्तीनसाहेबांकडे बस, संध्याकाळपर्यंत वर येऊ नकोस. हो, सांगितलं असं. चारचौघींत ती स्टुलावर चढली असती तर?

सुरुवात झकास झाली. मग शुकरान म्हणाली डोकं जड झालंय. दुसरीला मळमळायला लागलं. बेल्कीस स्वतःच्याच सुनेची निंदा करता करता मध्येच पेंगली. बेल्कीस! सुनेच्या निंदेत! मला वाटलं शुकरानने आणलेला भाताचा डोलमा शिळा असणार. मी चहा आणायला स्वयंपाकघरात गेले, आणि पाय असे जड झाले की जरा जमिनीवरच टेकले. दोन दिवसांचा शीण, दुसरं काय.

तेवढ्यात आई आली. स्वतःच्या किल्लीने दार उघडून, बूट तसेच घालून, पाहुण्यांकडे न बघता सरळ आत. मला ओलांडून गेली, निगार. मला! स्टुलावर चढली, बंडी ओढून काढली, छातीशी धरली. मग मला खाली पाहून तिने असा गलका केला की हायरेत्तीनसाहेब वर धावत आले. त्या दोघांनी मिळून घरातली एकूण एक खिडकी उघडली. बाहेर हिमवर्षाव! बर्फ केकवर, बर्फ पडद्यांवर. पंधरा बायका कोट शोधत जिना उतरल्या. बेल्कीसला दोघींनी धरून नेलं. माझी सगळ्या मोहल्ल्यात शोभा झाली.

बस झालं. मी आज आश्रमाला फोन करून सांगितलं की वसंत नको, पुढच्या आठवड्यातच आणते. आणि वॉचमनला बोलावून तो झरोका प्लास्टरने कायमचा बुजवून टाकला. आता काढ म्हणावं बंडी.

माझं डोकं अजून ठणकतंय. मी नवे पडदे घेतले होते.

मुअल्ला


सिवास, १३ डिसेंबर

ताई,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा मी तुझ्यासमोर बसलेली असेन. तरी लिहिते, कारण कागदावर असल्याशिवाय तुला काही खरं वाटत नाही.

तुझं पत्र आज आलं. आधी तारीख पाहिली. डिसेंबर चालू आहे आणि तू नोव्हेंबर लिहिलायस. बँकेत इतकी वर्षं तारखेचे शिक्के मारलेली बाई तू! मग मी ते मोठ्याने वाचलं. पंधराजणी पेंगल्या तिथे सासूबाई लोकर विणायच्या थांबल्या. म्हणाल्या, "दृष्ट एकीला लागते. पंधराजणींना एकदम लागतो तो धूर."

मी फोन केला. तू म्हणालीस, "आईने शिकवलं वाटतं तुला?" आणि आपटलास. पुन्हा केला तर उचललाच नाहीस. तू रागाने उचलत नाहीस की झोपली आहेस की आणखी काही, हे मला इथून कसं कळणार? मग मी चौकशीला विचारून अंकाराच्या गॅसच्या तातडीच्या नंबरवर फोन केला आणि तुझा पत्ता दिला. इमारत क्रमांकासकट, मला आठवतो. हायरेत्तीनसाहेबांचाही नंबर शोधला. ते म्हणाले, "मी वर जातो. दार उघडलं नाही तर तोडतो. खूप दिवसांची इच्छा आहे."

तुझ्या आईचं डोकं फिरलेलं नाही, आणि माझ्या बहिणीचंही नाही. तुमच्या घरात धूर आहे. त्याला रंग नाही, वास नाही. तुझ्या विस्तवासारखाच, न दिसणारा.

बस निघतेय.
निगार


अंकारा, २ जानेवारी १९९५

प्रिय निगार,

तू आईला घेऊन सिवासला गेलीस त्याला आठवडा होऊन गेला. दवाखान्यात आम्हा तिघांच्या तोंडावर प्राणवायूचे मुखवटे चढवले होते तेव्हा तू मला जे बोललीस त्याला मी मुखवट्यामुळे उत्तर देऊ शकले नाही. आता देते.

पहिलं म्हणजे, तुझे गॅसवाले अगदी जेवायच्या वेळी आले. दुसरं म्हणजे, हायरेत्तीनसाहेबांनी दार तोडायची काहीच गरज नव्हती. मी उठतच होते. म्हणजे उठायचा विचार करत होते.

गॅसवाल्याच्या हातातलं यंत्र उंबरठ्यावरच किंचाळायला लागलं. त्याने कोंबीचं झाकण काढलं तर आत तुझ्या शेगडीच्या नळीसारखी काजळी. चिमणीत वरून विटेचा तुकडा पडून वाट निम्मी बंद झालेली. यंत्राचा धूर बाहेर जायच्याऐवजी घरात परतत होता, आणि ते त्या बिचारीला कळत होतं, म्हणून ती लाल दिवा लावून बंद पडत होती. मी बटण दाबून पुन्हा पेटवत होते. मग तेही नको म्हणून तिची ती कळणारी तारच पिळून टाकली. आत यायला हवा नाही, त्यात चुलीवरचा पंखा, तो चिमणीतला धूर उलटा घरात ओढत होता. गॅसवाल्याने मला विचारलं, "बाई, हे सगळं तुम्ही जाणूनबुजून केलंत का?" उद्धट माणूस.

आता नवी कोंबी आहे, आतली हवा न वापरणारी, पण प्लास्टर फोडून झरोका मी उघडाच ठेवलाय. पुस्तिका तोंडपाठ झालीय. पाण्याच्या दाबाची सुई एक आणि दोनच्या मध्ये हवी. रेडिएटर वरच्या बाजूला गार लागला तर खाली वाडगं धरून चावीने हवा काढायची. लाल दिवा लागला तर एकदाच बटण दाबायचं, पुन्हा लागला तर हात लावायचा नाही, माणूस बोलवायचा, आणि वॉचमनचा मेहुणा म्हणजे माणूस नव्हे. दर शरद ऋतूत यंत्राची आणि चिमणीची सफाई. डोकं दुखायला लागलं तर शिसं नंतर, आधी खिडकी. हे सगळं मी आता इमारतीतल्या बायकांना शिकवते. बेल्कीसच्या झरोक्यातली उशी मी स्वतः ओढून काढली. ती म्हणते, मी आगाऊ आहे. असेन.

निगार, आई मोहल्ल्यात प्रसिद्ध झालीय. पंधराजणी सांगत फिरतात की म्हातारीला सगळं माहीत होतं, जुनी खोडं ती, हवेची किंमत त्यांनाच कळते. मी रोज तिच्याशी भांडून ती बंडी पुन्हा भिंतीत कोंबत होते, आणि ती रोज आम्हाला जगवत होती. मला रात्री हे आठवतं आणि मी उठून बसते. तिच्या खोलीत जाते. ती तर तुझ्याकडे आहे.

आश्रमाला मी नको म्हणून कळवलं. त्याबद्दल आईला एक अक्षर सांगू नकोस. तिला माहीत नाही, आणि कळलं तर ती मला कधी माफ करणार नाही. ती माझं नाव काढते का?

घर थंड आहे.

तुझे डोळे चुंबते. आईच्या हातांचं चुंबन.
मुअल्ला


सिवास, १२ जानेवारी १९९५

मुअल्ला लेकी,

अक्षर मोठं आहे, सांभाळून घे. निगार म्हणाली मी लिहून देते. मी म्हटलं नको, तू मधे मधे स्वतःचं घालशील.

इथेही सगळे मला शहाणी म्हणतात. निगारची सासू माझ्यासाठी खुर्ची सोडते, जी ती कोणासाठी सोडत नाही. मी काही बोलत नाही, खुर्ची मऊ आहे. पण तुला खरं सांगते. यंत्राला श्वास लागतो हे मला कुठे माहीत? मी समजत होते ते विजेवर चालतं. तुझ्या बापाची बंडी भिंतीत होती म्हणून मी ती काढली. त्या दिवशी हायरेत्तीनच्या घरी बसले होते, त्याने अंगात तशीच करडी बंडी घातली होती, आणि मला राहवेना. एवढंच. बाप तुझा जन्मभर घरातल्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायचा, मेल्यावरही सोडलं नाही.

आश्रमाचं मला माहीत होतं. त्यांचा फोन आला तेव्हा तू बाजारात होतीस, मीच उचलला. माणूस गोड बोलला. म्हणाला, आजींना सोबत उबदार कपडे द्या. मी म्हटलं, सांगते आजींना. मग मी माझी पिशवी भरून पलंगाखाली ठेवली. मला वाटलं, मुअल्ला म्हणते तसं माझं डोकं गेलंय खरं, तर तिचा काय दोष? कोणाला ओझं व्हायचं नव्हतं मला. ती भरलेली पिशवी घेऊनच मी निगारबरोबर आले. तुला वाटलं, एवढ्या लवकर कशी तयार झाली.

आता डोकं साफ आहे. सगळं आठवतं. हेही आठवतं. काही दिवस आठवू दे मला, मग वसंतात येईन. तुझ्या बोरेकमध्ये मीठ कमी असतं ते बघायला कोणीतरी हवंच.

बंडी धुऊन, उसवलेली कड दुरुस्त करून पार्सलने पाठवतेय. झरोका उघडा ठेवला की तुझं स्वयंपाकघर गारठतं, निगारने सांगितलं. अंगात घाल.

आई